वर्ष वाया जाईल का?

बाबा जाणार हे एका कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंना माझ्या आधी कळलं होतं.

२००८ चा उन्हाळा. मला जपानी साहित्य शिकायचं होतं. आम्ही तिकडे उत्तरेत, गोमती नगरला राहायचो; तिथल्या आमच्या मराठी काका-काकूंनी ऐकूनच सुतकी चेहरे केले.

बाबांनी मात्र सुट्टी टाकली आणि मला कॉलेजं दाखवायला निघाले.

बाबा पिकांवरच्या रोगांचे शास्त्रज्ञ. पानावरचा ठिपका बघून झाड टिकेल की नाही ते सांगायचे. मी त्यांचीच मुलगी, पण मला ढळढळीत समोरचं दिसत नव्हतं.

चारबाग स्टेशनवर जिना चढताना ते दोनदा थांबले.
"गर्दी आहे गं."
जिना रिकामा होता.

दिल्लीतलं कॉलेज बघून मी हरखले. तीन मजली लायब्ररी! बाबांनी ऑफिसात एवढंच विचारलं, "बीच में महीना भर घर आना पड़ा, तो इसका साल ख़राब होगा क्या?"

"अटेंडेंस कम हुई तो एग्ज़ाम में नहीं बैठने देंगे."

मी बाहेर येऊन भडकले. "बाबा, ये क्या मनहूस सवाल है? अभी एडमिशन भी नहीं हुआ!"
"विचारून ठेवलेलं बरं असतं, बेटा."

मग पुणे. छोटंसं कॉलेज, जपानी पुस्तकांचं एकच कपाट. इथेही तोच प्रश्न. मग मला म्हणाले, "जा, पाणी भरून आण."

मी परतले तेव्हा ऑफिसातल्या बाई माझ्याकडे विचित्र बघत होत्या. बाबा म्हणाले, "इथेच घेऊ."

परतीच्या गाडीत मी रडून गोंधळ घातला. "तुम्हाला साहित्यातलं काय कळतं?" असंही बोलले.
त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

दुसऱ्या वर्षी आईचा फोन आला. "निघ."

अठरा दिवस त्यांच्या उशाशी बसले. मग तेरावा.
बरोब्बर महिना.

आईने मला जबरदस्तीने पुण्याला धाडलं. अटेंडन्सचं काय होणार म्हणून मी थेट ऑफिसात शिरले. बाईंनी रजेचा अर्ज लिहूनच ठेवला होता.

"सही कर. तुझे बाबा मला तेव्हाच सगळं सांगून गेलेत."

आज त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. त्याच कपाटासमोर मी आता शिकवते.

बाबा, त्या दिवशी गाडीत जे बोलले त्याबद्दल माफ करा.

वर्ष वाया गेलं नाही.