दोन पाद्री, एक जीप आणि बेंबळीचा आशीर्वाद

सोलापूरहून तामलवाडी, तुळजापूर, धाराशिव करत बेंबळीला जाणं आता सोपं आहे. आम्ही दुष्काळात गेलो तेव्हा धाराशिवला उस्मानाबाद म्हणत आणि खड्ड्यांना रस्ता. मी मिशन शाळेत शिक्षिका होते. दुष्काळी कामावरच्या बायकापोरांसाठी जीपमधून सुकडीच्या पौष्टिक पिठाची पोती न्यायची होती. सोबत आमच्या अँग्लिकन चर्चचे दोन पाद्री. पोती परवडली!

फादर सायमन उंच, अबोल. पायघोळ झगा, धूप, मेणबत्त्या, शुक्रवारचा उपास. रेव्हरंड योहान गोलमटोल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात बायबल. धुपाला ते ‘डासांचं औषध’ म्हणत. दोघं एकाच सेमिनरीत शिकलेले. मला वाटायचं, फादर लाजाळू म्हणून त्यांना छापील प्रार्थना लागतात आणि योहान बोलघेवडे म्हणून त्यांचा देव प्रवचनात राहतो.

तामलवाडीला गरमागरम भजी खाल्ली. (आजही थांबा.) तिथं लोकांच्या आग्रहावरून फादरांनी कोरड्या विहिरीवर पवित्र पाणी शिंपडलं.

“होतं त्यापेक्षा जास्त पाणी पडलं आज विहिरीत,” योहान म्हणाले. फादर तुळजापूरपर्यंत प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं खुपसून बसले.

बेंबळीत पोती उतरवली आणि साराबाईंना भेटायला गेलो. आमच्या चर्चच्या जुन्या बाई, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची नर्स मुलगी रूथ हिनं बौद्ध मास्तराशी लग्न केलं होतं. साराबाईंना एकच हवं होतं: डोळ्यांदेखत दोघांना चर्चचा आशीर्वाद.

मला वाटलं, नियमवाले फादर नाही म्हणतील, मोकळेढाकळे योहान हो म्हणतील. झालं उलटंच. योहानना घाम फुटला. “बायबलच्या वचनात अशा लग्नाला स्पष्ट मनाई आहे, बाई,” म्हणत ते थेट ओट्यावर गेले.

साराबाई फादरांना म्हणाल्या, “माझ्या लेकीनं काय घोडं मारलंय, फादर?”

दाराशी बसलेले रूथचे सासरे म्हणाले, “आमच्या भंतेजींनी दिलाय आशीर्वाद. तुमी बी द्या. लई झाला म्हणून सांडत न्हाय.”

फादरांनी पुस्तक उघडलं, मिटलं. दोघांच्या डोक्यांवर हात ठेवला आणि मनात येईल ते बोलू लागले, अडखळत, चुकत. त्यांना बिनपुस्तकाची प्रार्थना करताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. साराबाई तोंडावर पदर घेऊन रडल्या.

परतताना वेळ असेल तर तेर बघा. जुनं गाव, नदीकाठ छान. आम्ही पाहिलं, पण दोन पाद्री दोन वेगळ्या वाटांनी.

सोलापुरात बातमी आमच्याआधी पोचली. चर्चच्या पंचांनी फादरांना जाब विचारायला उभं केलं आणि योहानना साक्षीला बोलावलं. मी म्हटलं, संपलं.

योहान उठले. “फादर चुकलेच. वचनाविरुद्ध वागले. पण मरणाऱ्या बाईसमोरून पळून गेलो तो मी. आधी माझी चौकशी करा.”

पंचांनी वही मिटली. चौकशी कोणाचीच झाली नाही. साराबाई महिन्याभरात गेल्या. माती द्यायला दोघंही गेले, न भांडता.

त्या दोघांच्या श्रद्धेबद्दलचा माझा अंदाज मात्र तिथंच मोडला, आणि त्यानंतर कोणाचा झगा बघून देव ओळखायचं मी सोडून दिलं. पुढच्या रविवारी धुपावरून दोघांची पुन्हा जुंपली. एवढी जोरात, की मला हायसं वाटलं.