रोवीनाचा जादा भत्ता

अमेरिकेतल्या टोलेडोच्या एका इस्पितळात एकोणीस वर्षं नर्स असलेल्या रोवीना काझमारेकला शुक्रवारपर्यंत दोनपैकी एका कॉलेजला होकार कळवायचा होता. रुग्ण उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती. नर्सिंगमध्ये मास्टर्स केलं तर बाहेरच्या दवाखान्यात बसून रुग्ण तपासता येणार होते. एका कॉलेजचा खर्च अठ्ठावीस हजार डॉलर, दुसऱ्याचा एकाहत्तर हजार. पण कॉलेजांच्या आकडेवारीत स्वस्त कॉलेजातून शिकून गेलेल्यांचीच कमाई जास्त दिसत होती आणि दोन्हीकडची कमाई रोवीनाच्या आजच्या कमाईपेक्षा कमी होती.

"म्हणजे फी भरून पगार कमी करून घ्यायचा?" नवरा डेल हसला. "हे बाई, तुलाच सुचायचं!"

"गप रे. माझंच काहीतरी चुकतंय."

तिने इमोजीनला फोन लावून सगळे आकडे सांगितले. पूर्वी तिच्याच वॉर्डात असलेली इमोजीन हाच कोर्स करून दवाखान्यात लागली होती.

"तू शनिवार-रविवारचा भत्ता आणि ओव्हरटाइम धरलास ना गं? आम्हाला त्यातलं काही मिळत नाही."

"पण मला मिळतात ना ते पैसे!"

"असली कंबर घेऊन आणखी किती वर्षं मिळवशील?"

रोवीनाने विषय बदलला. "बरं, मग स्वस्तवाल्यांना जास्त कसं मिळतं?"

"कोण जाणे! मी महागातलं केलं."

गुरुवारी रोवीनाने स्वस्त कॉलेजला होकार कळवला.

"का गं तेच?" डेलने विचारलं.

"कोर्स कंबरेसाठी, आणि हे कॉलेज फी कमी म्हणून," ती म्हणाली. "तिथल्यांची कमाई जास्त कशी, ते मला अजून कळलेलं नाही."