हाडाची पंगत

व्यासपीठावर माझी जीभ घसरली आणि त्यातच माझं भलं झालं, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही अजून नीट बसलेला नाही.

मी नांदेडला एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे काही अडलं तर विचारायला कुणी नाही, आणि काही जमलं तर ते जमलंय हे कळायलाही कुणी नाही. आमच्या मॅडम हाडांसाठी लागणाऱ्या जाळीवर काम करायच्या. मोडलेल्या हाडात डॉक्टर पट्टी किंवा स्क्रू बसवतात, पण मधे मोठी पोकळी राहिली तर हाडाला ती आपली आपण भरता येत नाही आणि स्क्रूही सैल होऊ लागतो. त्या पोकळीत ठेवायची ही स्पंजासारखी जाळी. तिच्या छिद्रांत ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं भरलेली असतात. ती हळूहळू बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या पेशींना हाड तयार करायला लावतात. मॅडमकडे पुढच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एकच जागा होती आणि ती मला हवी होती. इतकी हवी होती की मी ते कुणाजवळ बोलूनही दाखवलं नव्हतं.

जाळी करायची रीत मला भारी आवडायची. जिलेटिनचं पाणी गोठवायचं आणि एका यंत्रात ठेवायचं. तिथं बर्फाचे कण पाणी न होताच उडून जातात आणि त्यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या उरतात. हातात येतो तो पांढरा, कापसाहून हलका तुकडा. माझा पहिला तुकडा नीट झाला तेव्हा मी फुंकर मारून तो टेबलावरून पळवला आणि त्याच्यामागं मीही पळालो. खरा ग्रोथ फॅक्टर फार महाग, म्हणून आम्ही सरावासाठी त्याच्या जागी लाल रंग भरायचो. तुकडा पाण्यात टाकला की रंग सावकाश झिरपायला पाहिजे. माझा रंग मात्र पाणी दिसताच धावत सुटायचा आणि ग्लासात गुलाबाचं सरबत व्हायचं. ही जाळी नाही, धरणाचं दार आहे, असं मॅडम म्हणायच्या. पुढं जिलेटिनचे धागे एकमेकांत आणखी घट्ट बांधायला शिकलो, तेव्हा रंग जरा ताळ्यावर आला. जरा म्हणजे कधी येई, कधी नाही.

विज्ञान दिनाला पालकांना बोलावलं होतं. ज्यांना प्रकल्प हवा त्यांनी आपलं काम मराठीत समजावून सांगायचं, आणि लातूरहून आलेले हाडांचे डॉक्टर ज्याला निवडतील त्याला जागा. मराठीत म्हटल्यावर मला हायसं वाटलं. लिहायला बसलो तेव्हा कळलं, की हाडांबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं इंग्रजीत आहे. ग्रोथ फॅक्टरला शब्दकोशातून ‘वृद्धिघटक’ काढला. तो म्हणताना मला ठसका लागायचा. शेवटी ‘वाढीचे घटक’ ठरवला आणि कपडे धुताना, मेसच्या रांगेत, सगळीकडं तोच घोकत राहिलो.

आई शिरूर अनंतपाळहून निघून, लातूरला एसटी बदलून आली. माझं कॉलेज ती पहिल्यांदाच बघत होती. धपाट्यांचा डबा मांडीवर धरून ती पुढच्या ओळीत बसली आणि शेजारच्या बाईंना सांगू लागली, “माझं लेकरू हाडाचं शिकायलंय. डॉक्टर न्हाई, पर हाडाचंच.”

माझी पाळी आली. मी लाल रंग भरलेला तुकडा पाण्याच्या ग्लासात सोडला आणि त्याच्याकडं न बघायचं ठरवून बोलायला लागलो. पोकळी झाली, जाळी झाली, बर्फ उडून गेला. मग मी मोठ्यानं म्हणालो, “आणि या छिद्रांमध्ये आपण वाढपी भरतो.”

सभागृह खदखदून हसलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं, पण ‘वाढीचे घटक’ डोक्यातून पार उडाले होते, बर्फासारखे. समोर आई तोंडाला पदर लावून सगळ्यांपेक्षा जास्त हसत होती. तिला बघून मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता भीतीच गेली. गावातल्या लग्नांत मी मिठापासून सुरुवात करून बुंदीच्या बादलीपर्यंत पोचलेला वाढपी आहे. पंगतीबद्दल मला कुणाला घाबरायचं कारण नव्हतं.

म्हणालो, जाळी म्हणजे मांडव समजा. पेशी म्हणजे पाहुणे. सगळे वाढपी पहिल्याच फेरीत बादल्या रिकाम्या करून निघून गेले, तर मागून आलेल्यांनी काय करायचं? म्हणून वाढप्यांनी हात राखून वाढायचं.

डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. “पण हे ग्रोथ फॅक्टर पेशींचं अन्न नव्हे. अन्न तर रक्तातून येतं. मग तुझा वाढपी करतो काय?”

मी बुंदीची बादली डोळ्यांसमोर आणली. मग म्हणालो, “आग्रह करतो, सर.”

ते हसले नाहीत. आग्रह फार झाला तर, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की मग नको तिथं हाड वाढतं. आणि मांडवाचं काय, तो तसाच राहिला तर? पाहुणे जागेवर बसत जातात तसा मांडव विरघळत जायला पाहिजे, सर, मी म्हणालो, शेवटी तिथं नुसतं हाड दिसलं पाहिजे.

मग ते उठून ग्लासापाशी आले. तेवढ्या वेळात मीही पहिल्यांदाच तिकडं बघितलं. पाणी जेमतेम गुलाबी झालं होतं. डॉक्टरांनी ग्लास उजेडात धरून फिरवला आणि मॅडमना म्हणाले, “हात राखून वाढतोय खरा. ही जागा वाढप्यालाच द्या.”

त्यानंतर मी व्यासपीठावरून कसा उतरलो, कुणी काय म्हणालं, मला आठवत नाही. चप्पल उलटसुलट घातली होती एवढं आठवतं. आईला जागा वगैरे काही कळलं नव्हतं, पण माझं तोंड बघून तिनं ओळखलं आणि तिथंच व्हरांड्यात डबा उघडला. डॉक्टरांना एक धपाटं, मॅडमना दोन. मॅडम पुरे म्हणाल्या. आईनं तिसरं हातात घेतलं. मॅडमनी ताटलीवर दोन्ही हात आडवे धरले.

“असं कसं मॅडम,” आई म्हणाली, “आग्रह केल्याबिगर हाड भरत न्हाई, आत्ताच सांगितलं की पोरानं.”

मॅडमनी हात बाजूला घेतले.