टिनाचा ढाळ आणि वहिनींचं माहेर

बांधकामाच्या ऑफिसात तीस वर्षं काढली की घरात सामान कमी आणि किस्से जास्त साठतात. अर्धे तर सांगताच येत नाहीत. हे मात्र सांगतो, कारण आमचे साहेब स्वतःच ते हसत हसत सांगायचे!

अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. साकोलीत साहेबांनी स्वतःच्या डिझाइनचं सरकारी क्वार्टर उभं केलं आणि वहिनींना घेऊन तिथंच राहायला गेले. वर टिनाचे पत्रे, आणि ढाळ, म्हणजे उतार, नावापुरता. म्हणे, मॉडर्न दिसतं.

झिबल मिस्त्रीनं मान हलवली. "ढाळ कमी पडते जी. हिवाळ्यात तरास देईल."

"अहो मिस्त्री, ढाळ पावसासाठी असतो!"

आख्ख्या पावसाळ्यात थेंब आला नाही. साहेब रोज विचारायचे, "काय मिस्त्री, काय म्हणतो तुमचा ढाळ?"

* * *

डिसेंबरात एका पहाटे साहेबांच्या नाकावर थेंब पडला. मग वहिनींच्या. मग गादीच भिजायला लागली. साहेबांनी टिनांवर डांबर थापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"साहेब, पानी आतून येऊन राह्यलं, अन् तुमी बंदोबस्त बाहेरून करून राह्यले!" मिस्त्री म्हणाला.

* * *

आतून कसं, ते मिस्त्रीनं वहिनींच्या चुलीपाशीच दाखवलं. भातावरचं झाकण उचलून आडवं धरलं. टपटप! तिरपं केलं, तर पाणी सरळ काठाकडे घसरलं.

"आपल्या श्वासाची वाफ थंड टिनाले अशीच चिकटते जी."

वहिनींना लगेच पटलं. साहेब म्हणाले, "भाताचं शास्त्र वेगळं, टिनाचं वेगळं!"

* * *

जानेवारीत सकाळी पोस्टमन गेला, तर साहेब घरात छत्री उघडून चहा पीत बसलेले. त्यानं आधी आभाळाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. पत्र उंबरठ्यावर ठेवलं आणि सायकल काढली.

त्याच आठवड्यात वहिनी नाकाडोंगरीला माहेरी गेल्या. "ढाळ वाढवा, मंग मले घ्याले या!" साहेबांचं तोंड एवढंसं झालं. खानावळीचा डबासुद्धा अर्धा परत जायचा. आम्ही हसायचो खरे, पण वाईटही वाटायचं.

* * *

ढाळ वाढवायला मंजुरी भंडाऱ्याच्या मोठ्या साहेबांची. ते आले भर दुपारी. टिनं कोरडी ठणठणीत!

"पाऊस नाही, गळती नाही, मंजुरी नाही!"

मिस्त्रीनं हात जोडले. "एक मुक्काम करा जी."

मोठे साहेब राहिले. वाफ कमी पडू नये म्हणून ऑफिसातल्या आम्ही चौघांनीही तिथंच अंथरुणं टाकली!

सकाळी मोठे साहेब बाहेर आले. कानटोपी चिंब. आमच्या साहेबांकडे त्यांनी पाहिलंही नाही, थेट मिस्त्रीला विचारलं, "तुमच्या घराचा ढाळ किती आहे हो?"

"मोजला नाई जी," मिस्त्री म्हणाला. "पन बारा वर्सं झाली, बायको रुसून माहेरी नाई गेली!"