आमरसाचा परत आंबा होत नाही

मंडळी, आज मी जिंकले!

बागायतदारांसाठी मी आंबाविक्रीची वेबसाइट चालवते. पासवर्ड विसरला की मांडवीतल्या आमच्या ऑफिसात फोन करायचा आणि आमच्या स्मिताने तो स्क्रीनवर बघून सांगायचा, ही सगळ्यांची जुनी सवय. गेल्या आठवड्यात मी ती मोडली. आता डेटाबेसमध्ये पासवर्ड नाही, त्याचा फक्त हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेली अक्षरं-आकड्यांची सांकेतिक ओळ असते.

आज सकाळी आमच्या साइटवरचे एक बागायतदार, बापूकाका, तावातावाने ऑफिसात आले. "अगो, पासवर्ड माझा आणि मलाच सांगणार नाहीस?"

"काका, आमरसाचा परत आंबा करता येतो का? तसाच हॅश. त्यातून पासवर्ड मलाही काढता येत नाही. तुम्ही नवीन करा."

"नको तुझी साइट! माझं नाव काढून टाक."

तेवढ्यात फोन वाजला. स्मिताने स्पीकरवर घेतला.

"बापू बागायतदार बोलतोय. पासवर्ड विसरलो, जरा सांग."

बापूकाका तर माझ्यासमोर बसलेले!

"आम्हालाच दिसत नाही हो," स्मिता म्हणाली. फोन कट.

"आवाज ओळखला मी," काका पुटपुटले. "दलाल आहे मेला. माझी गिऱ्हाइकं पळवायला निघालाय." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "नवीन कसा करायचा, दाखव."

तुमचा विसरलेला पासवर्ड कोणी फोनवर सांगतं का? मग तुमचं नाव सांगून तो आणखी कोणी विचारला असेल?