परतीची वाट आधी आखणारी संध्याताई

संध्याताईच्या नवऱ्याचा, विजयदादांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला ड्राइव्ह करत होते. सिएराच्या डोंगरांत मोसमातला पहिला बर्फ पडला होता, त्यामुळे त्यांच्या फोनवरून संध्याताईच बोलणार असं मी धरून चालले. पहिल्या बर्फाची बातमी देण्याचा मान ती कुणाला घेऊ द्यायची नाही. पण दादा म्हणाले, "मीनल... अगं, संध्या गेली." सकाळी चहा करताना ओट्यापाशीच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. डोंगरात जिची आम्ही सगळे काळजी करायचो, ती स्वतःच्या स्वयंपाकघरात गेली... हे मला अजून पटत नाही.

संध्याताई नागपूरची. मे महिन्यातल्या गच्चीवर अनवाणी पळणारी मुलगी. फ्रीमाँटला आमच्याच टाउनहाउसच्या रांगेत, टोकाच्या घरात राहायची. चाळिशी उलटल्यावर ऑफिसच्या ट्रिपला पहिल्यांदा पायाला स्की बांधल्या, दिवसभर आपटली, आणि घरी येऊन दादांना म्हणाली, "मला हेच करायचंय." लिफ्टनं वर जाऊन उतरायच्या, आखून दिलेल्या उतारांना ती लवकरच कंटाळली. मग हिमस्खलनाचे कोर्स केले, गाडलेला माणूस शोधायचा सराव केला, आणि हळूहळू मला आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, ओढलं.

"गाइड घेऊया ना," मी सुरुवातीला म्हणायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "गाइड चांगलाच असतो गं. पण मग डोंगर तो वाचतो, आणि आपण त्याची पाठ वाचत बसतो."

शुक्रवारी संध्याकाळी तिच्या डायनिंग टेबलावर नकाशा पसरायचा. पोह्यांच्या बशा कडेला सरकवून ती बोट फिरवायची. हा उतार फार उभा, बर्फ सुटू शकतो, नको. ही घळ वरून सुंदर दिसते, पण खाली निमुळती होते. त्यात सापडलो तर बाजूला सरकायला जागा नाही. वारा कुठून होता? म्हणजे बर्फ कुठल्या कुशीत साठला असेल? निखिल शिखरापासून सुरुवात करायला बघायचा. ती त्याचा हात धरून खाली, गाडी लावायच्या जागेवर आणायची. "वर कसं जायचं ते नंतर. आधी परत कसं यायचं ते सांग."

एका फेब्रुवारीत आम्ही एका कड्याखालच्या मोठ्या उतारावर उतरायचं ठरवलं होतं. ती कितीतरी हिवाळे त्या उतारावर डोळा ठेवून होती, दर वेळी काहीतरी आड यायचं. त्या दिवशी मात्र आभाळ निळंशार, सकाळचं हिमस्खलनाचं बुलेटिनही बरं. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून आम्ही सकाळभर चढलो. कड्यापासून थोडंसंच खाली असताना पायाखाली धप्प असा आवाज झाला, जणू घराचा मजला किंचित खचावा. संध्याताईच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग बर्फातून पुढे पळत गेली. ती थांबली. मग म्हणाली, "परत फिरायचं."

निखिल भडकलाच. "यार ताई, पलीकडे बघ! ट्रॅक दिसतायत. लोक उतरलेत ना!"

"उतरले असतील. काय बघून उतरले, ते आपल्याला माहीत नाही. आपल्याला आपली भेग दिसलीय."

चढून आलो त्याच सौम्य वाटेनं, एकमेकांत अंतर ठेवून, आम्ही उतरलो. त्या उतारावरचा बर्फ त्या दिवशी सुटला नाही. म्हणजे निदान आमच्यादेखत तरी नाही. तिचं बरोबर होतं की ती उगाच घाबरली, हे कधीच कळणार नाही. निखिल गाडीत गाल फुगवून बसला होता. फ्रीवेला लागल्यावर मागच्या सीटवरून ती हळूच म्हणाली, "मलासुद्धा जायचं होतं रे. तुझ्यापेक्षा जास्त." मी आरशात पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती, आणि डोळे पुसत होती. निखिलनं थर्मास मागे दिला. त्या उतारावर जायचं पुन्हा जमलंच नाही.

ती गेल्यावर बर्फाचं नाव काढायचं धाडस आम्हाला होत नव्हतं. मग एका संध्याकाळी विजयदादाच दारात आले. हा माणूस आयुष्यात कधी स्कीवर उभा राहिला नाही. इतकी वर्षं शनिवारी आम्ही डोंगरात, आणि हे घरी, फोन समोर ठेवून. गाडीपाशी पोहोचल्याचा तिचा मेसेज येईपर्यंत ते जेवायचे नाहीत, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी विचारलं, "या शनिवारी जाताय ना?"

आम्ही गेलो. तिच्या पद्धतीनं आखलेली, साधी, झाडांमधली वाट. दुपारी गाडीपाशी आल्यावर हातमोजे काढून मी लिहिलं, "पोहोचलो दादा. दोघंही." स्की अजून टपावर बांधल्याही नव्हत्या, तेवढ्यात उत्तर आलं.

"बरं. आता जेवतो."