दळव्यांचं जाळं आणि कुंदाताई

अबू धाबीच्या मीना भागातल्या मासळीबाजारात मी एक छोटासा हामूर उचलला. हामूर म्हणजे आपल्याकडचा गोब्रा. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि परत बर्फावर ठेवला. मला वाटलं, त्यांना हवा असेल. "घ्या, तुम्ही घ्या," मी म्हटलं. त्यांनी माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं आणि थेट मालवणीवर आल्या. "माका नको. ह्यां पोर आसा, पोर! ह्येका अजून अंडी घालूक गावली नाय, आणि तू ह्येची कढी करतलंस?" मग तेवढ्याच चढ्या आवाजात मासळीवाल्याला, "ये बच्चा है! शरम नहीं आती?" मासळीवाला हसला. दर शुक्रवारी सकाळी हा तमाशा ठरलेला आहे, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत रुजू झाले, तर स्टाफरूममध्ये ह्याच बाई डबा उघडून बसलेल्या. कुंदा सामंत, जीवशास्त्र. मी गणिताची. नव्वदच्या दशकातली अबू धाबी तेव्हा आत्ताच्या मानाने लहान होती. मराठी माणसं एकमेकांना गाडीच्या नंबरावरून ओळखत. कुंदाताईंना मात्र आवाजावरून ओळखत. वर्गात शिकवायला लागल्या की पलीकडच्या वर्गातल्या मुलांनाही बेडकाचं हृदय समजायचं.

त्यांचं वर्ष मासळीवर चालायचं. थंडी पडली की सुरमई, आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावणं. असं सुरमईचं तिखलं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. मार्च उजाडला की हामूर बंद, शेरी बंद. कुणाच्या घरी पानात आली तर वाटी बाजूला सरकवायच्या आणि कारणही सांगायच्या, यजमानीणबाईंच्या तोंडावर. "आमच्याकडे नारळी पौर्णिमा होईपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत. इथे पाऊस नाही म्हणून काय माशांना बाळंतपणं नाहीत?" माणसं हसायची. मागे नावं ठेवायची. एखादा मुलगा म्हणायचा, "आंटी, इट्स जस्ट फिश." त्या मुलाला मग अर्धा तास तिथेच बसवून घेत.

एक वाक्य मात्र त्यांना अजिबात खपत नसे: 'आपल्याला काय करायचंय, आपण इथे पाहुणे.' आखातातल्या आपल्या माणसांचा हा मंत्रच होता. चुकीचं काही दिसलं की म्हणायचा आणि मान वळवायची. कुंदाताई भडकत. "पाहुणे आसंव म्हणान यजमानाचा घर लुटूचा? पाहुण्यान अंगणातली गाय मारल्यान, तर तो पाहुणो काय?"

एका वर्षी पाडवा झाल्यावर आमच्या शुक्रवारच्या मराठी ग्रुपची सहल निघाली. ग्रुपचे सर्वेसर्वा दळवी. त्यांची काँट्रॅक्टिंगची कंपनी होती, मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप होतं आणि स्वतःची मोटरलाँच होती. कार्यक्रमाचा हॉल त्यांचा, जेवण त्यांचं, म्हणून सत्कारही त्यांचा. कुंदाताईंचे यजमान, वसंतराव, त्यांच्याच कंपनीत इस्टिमेटर. व्हिसा दळव्यांच्या कंपनीचा, फ्लॅट कंपनीचा. लाँच चालवायला मुनीर नावाचा बांगलादेशी माणूस होता.

किनाऱ्यापासून बरंच आत, उथळ हिरव्या पाण्यात वाळूचा एक पट्टा आहे. पाण्याखाली समुद्री गवत. तिथे नांगर टाकायच्या बेतात असताना कुंदाताईंना पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे डबे दिसले. जाळं होतं. जाळ्यात काहीतरी मोठं, राखाडी रंगाचं अडकलं होतं. आधी आम्हाला ती उलटलेली होडीच वाटली.

ती समुद्रगाय होती. डुगाँग. जाळ्यात गुरफटून, श्वास घ्यायला वर येता न आल्यामुळे बुडून मेलेली. समुद्रात राहणारा प्राणी बुडून मरतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि तिच्या अंगाला चिकटून तिचं पिल्लू होतं, जिवंत. ते तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पराखाली तोंड खुपसत होतं, दूर जात होतं, वर येऊन श्वास घेत होतं आणि परत तिथेच येत होतं.

लाँचवर सगळे एका बाजूला जमले. मग कुणीतरी कॅमेरा काढला. कुंदाताईंनी कलिंगड कापायला आणलेली सुरी उचलली आणि सलवार-कमीजसकट पाण्यात उतरल्या. पाणी छातीपर्यंत होतं. त्या जाळं कापत होत्या आणि त्या पिल्लाशी मालवणीत बोलत होत्या, "रव रे बाबा, रव." पिल्लू बिचकून लांब गेलं. आई सुटली आणि संथपणे एका कुशीवर वळली. पिल्लू परत आलं.

"वर या, वहिनी," दळवी म्हणाले. "लफडं होईल. ह्या जनावराला हात लावायला बंदी आहे."

"मग जाळं कुणी लावलं?"

मुनीर खाली बघत होता. कुंदाताईंनी त्यालाच विचारलं, "मुनीर, जाल किसका है?"

त्याने एकदा दळव्यांकडे पाहिलं. "साहब का ही है, मॅडम. पिछले जुम्मे को डाला था. साहब बोले, प्रोग्राम है, बाद में निकालेंगे."

म्हणजे आम्ही हॉलमध्ये गुढी उभारून श्रीखंड खात होतो, तेव्हा हे जाळं इथे सोडून दिलेलं होतं. दळव्यांचा चेहरा लाल झाला. पण ते व्यवहारी माणूस. लगेच सावरून म्हणाले, "झालं ते झालं. खलास. आपण इथे पाहुणे आहोत, कशाला नसत्या भानगडी? यल्ला, दुसरीकडे जाऊ, मुलांना भूक लागलीय." आणि खरंच, सगळे दुसरीकडे गेले. मागे ते पिल्लू गोल गोल फिरत होतं. दुसऱ्या वाळूवर चटया अंथरल्या गेल्या, कबाब भाजले गेले, अंताक्षरी झाली. आजही आठवलं की माझ्या डोक्यात रक्त चढतं. कुंदाताई ओल्या कपड्यांनी लाँचवरच बसून राहिल्या. मीही खाली उतरले नाही.

संध्याकाळी कुंदाताईंच्या घरी, सहलीला न आलेले वसंतराव सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "आपला व्हिसा त्यांच्याकडे आहे, एवढं ध्यानात ठेव." कुंदाताई म्हणाल्या, "ठेवलंय." दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर सुटून आम्ही दोघी निघालो, तर खाली वसंतराव गाडी घेऊन उभे. "उन्हात टॅक्सी शोधत बसाल," म्हणाले. पर्यावरण खात्याच्या कार्यालयापर्यंत तेच घेऊन आले.

तिथला अधिकारी पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला तरुण अरब होता, उत्तम हिंदी बोलणारा. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, जाल किसका था?" कुंदाताईंनी वसंतरावांकडे पाहिलं. वसंतरावांनी होकारार्थी मान हलवली. मग कुंदाताईंनी दळव्यांचं नाव सांगितलं.

पुढे जे झालं, ते त्यांच्याही कल्पनेत नव्हतं. खात्याची माणसं लाँचवर गेली, तेव्हा दळव्यांनी हात वर केले. जाळं मुनीरने आपल्या मनाने लावलं, मला पत्ताच नव्हता, म्हणाले. मुनीरला पोलीस घेऊन गेले. त्याला मायदेशी पाठवणार, अशी बातमी आली. आमच्या ग्रुपने सुटकेचा निःश्वास टाकला. प्रकरण मिटलं! एक बाई मला म्हणाल्या, "त्या लोकांचं काय हो, दुसरीकडे जाईल." त्याच बाई आदल्या महिन्यात मुनीरच्या हातून लाँचवर चढल्या होत्या, साडी भिजू नये म्हणून त्याने पाण्यात उभं राहून फळी धरली होती.

कुंदाताई परत त्याच कार्यालयात गेल्या. ह्या वेळी बसल्यासुद्धा नाहीत. "गाय मर गई, उसका बच्चा बिना माँ का हो गया, और सजा मुनीर को? मैंने अपने कान से सुना है. जिसको पूछना है, मेरे सामने पूछो." मीही जे ऐकलं होतं ते सांगितलं. लाँचवरच्या इतरांना विचारणा झाली, तर एकालाही काही ऐकू आलं नव्हतं. इंजिनाचा आवाज फार होता म्हणे. नांगर टाकायला इंजिन बंद केलेलं होतं!

तरी मुनीर सुटला. आमच्या दोघींचं म्हणणं त्या अधिकाऱ्याने मानलं. दळव्यांना दंड झाला, लाँच जप्त झाली. पिल्लाचा शोध घेतला, पण ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. आणि शाळेची सुट्टी लागायच्या आत वसंतरावांना कंपनीने कळवलं की काम कमी झालं आहे, व्हिसा रद्द होईल.

विमानतळावर त्यांना पोचवायला आमचं कुटुंब होतं आणि मुनीर होता. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं तिखलं ओरपलं, त्यांच्यापैकी एकजण आला नाही. मला रडू येत होतं, त्याहून जास्त संताप येत होता. कुंदाताई म्हणाल्या, "रडतंस कित्याक गो? माका काय फासार देतत?"

मालवणला त्यांनी शाळेत नोकरी धरली, वसंतरावांनी छोटी कंत्राटं घेतली. फोनवर कधी कुरकूर ऐकली नाही.

नव्या शतकात अबू धाबीत वारं बदललं. लहान मासे धरण्यावर नियम आले, वर्तमानपत्रांत डुगाँगचे फोटो येऊ लागले. आणि एका संध्याकाळी आमच्या ग्रुपने 'समुद्र वाचवा' असा कार्यक्रम ठेवला. प्रमुख वक्ते दळवी. त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं. त्यांनी डुगाँगबद्दल फार गहिवरून भाषण केलं. "आपण इथे पाहुणे आहोत," ते म्हणाले, "म्हणूनच आपली जबाबदारी अधिक." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. माइक नव्हताच. तो शुक्रवार, ते जाळं, बुडून मेलेली आई, मुनीरवर घातलेला आळ आणि कुंदाताईंच्या घराचा गेलेला व्हिसा, सगळं मी भरल्या सभेत सांगितलं. दळवी शाल सावरत राहिले. सूत्रसंचालकाने घाईघाईने सांगितलं की जेवण तयार आहे. खुर्च्या सरकल्या, माणसं ताटांकडे वळली. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

सकाळी मी मालवणला फोन लावला. कुंदाताई तेव्हा आजारी होत्या. त्यानंतर वर्षभरातच त्या गेल्या. फोनवर त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी घडलेलं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "काही उपयोग झाला नाही, ताई. सगळे जेवायला गेले."

त्यांनी विचारलं, "माझा नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मोठ्यान घेतलंस मां?"